पाण्याबरोबर उतरताना : ल्युसर्न ते वारेन्ना, रेल्वेनं

फळ्यावर डोंगराची एक रेघ ओढायची, दोन्ही उतारांवर बाण काढायचे आणि मुलांना सांगायचं, "घाटमाथ्याच्या या बाजूला पडलेला थेंब उल्हास नदीतून अरबी समुद्रात जाईल. त्या बाजूचा इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागरात." भूगोलाची शिक्षिका म्हणून एकतीस वर्षं मी जलविभाजक असाच शिकवला. ह्यांचं बालपण कर्जतचं, सासरे रेल्वेत. त्यामुळे घाटाला मागून जोर लावणारी बँकर इंजिनं आणि बोरघाटाचा १:३७ चा चढ आमच्या घरात पाढ्यासारखे पाठ. दोघंही निवृत्त झालो आणि मोठा प्रवास करायचा असं म्हटलं, तेव्हा तो रेल्वेनं करायचा हे वेगळं ठरवावं लागलं नाही.

स्वित्झर्लंडची पहिली यादी मात्र आमची नव्हतीच. प्रत्येक नातेवाइकानं सुचवलेलं एकेक ठिकाण त्यात होतं, दहा दिवसांत आठ मुक्काम होत होते. रोज बॅगा भरायच्या, रोज नवी खोली. महिनाभर ती यादी फ्रिजवर लटकत राहिली आणि ती वाचून मनात कुठलंच चित्र उभं राहत नव्हतं. मग एका रविवारी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मी निळ्या पेन्सिलीनं नद्या गडद केल्या, ह्यांनी लाल पेन्सिलीनं रेल्वेमार्ग. संध्याकाळपर्यंत एक लाल रेघ अशी सापडली की ती तीन वेगवेगळ्या समुद्रांच्या खोऱ्यांतून जात होती.

ल्युसर्न आणि ब्रिएन्झच्या तळ्यांचं पाणी शेवटी ऱ्हाईनमधून उत्तर समुद्राला मिळतं. कूर हे गाव तर ऱ्हाईनच्याच काठी. तिथून गाडी अल्बुलाच्या बोगद्यात शिरते, आणि पलीकडे बाहेर पडते ती इन नदीच्या खोऱ्यात. इन डॅन्यूबला मिळते, डॅन्यूब काळ्या समुद्राला. पुढे बेर्निना खिंड ओलांडली की पाणी इटलीकडे, पो नदीकडे, एड्रियाटिक समुद्राकडे वळतं. खिंडीच्या दक्षिणेचं पाणी पोस्कियावो खोऱ्यातून तिरानोजवळ अड्डा नदीला मिळतं आणि अड्डा थेट कोमो तळ्यात उतरते. रेल्वेही तशीच उतरते. म्हणजे शेवटचा मुक्काम कोमोच्या काठी ठेवला, तर खिंडीतून निघालेल्या पाण्याची सोबत शेवटपर्यंत मिळणार होती. फ्रिजवरची यादी त्याच रात्री निघाली.

मुक्काम पाचच ठेवले. ल्युसर्न २ रात्री, ब्रिएन्झ ३, कूर १, पोस्कियावो २ आणि इटलीत कोमोच्या काठी वारेन्ना ३. विमानाचं तिकीट जाताना झुरिकचं आणि येताना मिलानचं काढलं. परत झुरिकला यायचं म्हटलं असतं तर एक अख्खा दिवस त्यातच गेला असता. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपीय देशांच्या गटात आहेत, पण व्हिसाचा अर्ज जिथे जास्त रात्री मुक्काम आहे त्या देशाकडे करायचा असतो. आमच्या आठ रात्री स्वित्झर्लंडच्या, म्हणून अर्ज तिकडे. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, तो आधी काढून ठेवला.

तिकिटांवर ह्यांनी पंधरा दिवस घालवले. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ आणि १५ दिवसांचा मिळतो. त्यात रेल्वे, बस आणि तळ्यांवरच्या बोटीही येतात. एकाच गावी बराच काळ राहणाऱ्याला अर्ध्या भाड्याचं कार्ड स्वस्त पडू शकतं, म्हणून ह्यांनी वहीत दोन्ही हिशेब मांडले. आमचं फिरणं आणि बोटी धरता ८ दिवसांचा पास बरा ठरला. नवव्या दिवशी पोस्कियावो ते तिरानो एवढाच तुकडा उरत होता, त्याचं तिकीट वेगळं.

खरी चर्चा झाली ती काचेच्या छताच्या गाडीवरून. बेर्निना एक्सप्रेस कूरहून तिरानोला साधारण चार तासांत नेते. पास असला तरी तिला आसनाचं आरक्षण वेगळं लागतं आणि त्याचे पैसेही वेगळे. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात, साधारण तासातासाला. त्यांना आरक्षण नाही, कुठेही उतरा, मागच्या गाडीनं पुढे जा. शिवाय त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडतात. खिडकी उघडत नाही अशा गाडीनं घाट बघायचा ही कल्पना कर्जतच्या माणसाला पटेना, आणि मलाही मध्ये उतरायचं होतंच. साधी गाडी घेतली. जोडीनं जाणाऱ्या कुणालाही मी हेच सांगेन. मोठ्या काचांचं आकर्षण समजतं, पण हातात वेळ असेल तर साध्या गाडीत तो वेळ आपल्या मर्जीनं वापरता येतो.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा धरून निघालो. दोघांत दोन मध्यम बॅगा, एक पाठपिशवी आणि डब्यात दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट.

ल्युसर्न ते ब्रिएन्झ हा ब्रुनिग खिंडीवरून जाणारा मार्ग आहे, माथा १,००२ मीटरवर. चढ तीव्र आहे तिथे गाडी रुळांमधल्या दातेरी पट्टीला धरून चढते, आपल्या निलगिरीच्या गाडीसारखी. निघताना उजवीकडे बसा असं आम्ही वाचलं होतं. सार्नेनचं आणि लुंगर्नचं तळं उजवीकडेच लागतं, ते बरोबर. पण ब्रिएन्झचं तळं नकाशात रुळाच्या डावीकडे दिसत होतं, त्यावरून मुंबईतल्या घरी आमचा वाद झाला होता. उत्तर मायरिंगेन स्थानकात मिळालं. तिथे मार्ग संपतो आणि गाडी उलट्या दिशेनं निघते. उजवीकडे बसलेली माणसं आपोआप डावीकडची होतात, आणि तळं पुन्हा त्यांच्याच खिडकीत येतं. हे इतके खूश झाले की समोरच्या आजींनी काय झालं म्हणून विचारलं, आणि ह्यांनी हातवारे करून त्यांना सगळं समजावलं.

ब्रिएन्झचं पाणी हिरवट निळं, किंचित दुधाळ. हिमनद्या खडक पिठासारखा बारीक दळतात, ते पीठ पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाश विखुरतं, त्यानं हा रंग येतो. तीन दिवसांतला एक धुक्यात गेला, समोरचा काठही दिसला नाही. त्या दिवशी आम्ही गावातल्या लाकडी कोरीवकामाच्या दुकानांतून हिंडलो आणि दुपारी रोश्टी खाल्ली. किसलेला बटाटा तव्यावर जाड थापून खरपूस भाजतात. वर जिरं-मिरची आणि दाण्याचं कूट असतं तर आमच्या घरचा उपासाचा कीसच.

कूरचा मुक्काम पुढच्या दिवशी लवकर निघता यावं एवढ्याचसाठी. सकाळी लाल गाडी निघाली. थुसिसच्या पुढून तिरानोपर्यंतचा मार्ग २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात आला. त्याच वर्षी आपली कालका-शिमलाही त्या यादीत गेली. आणि अल्बुलाचा मार्ग सुरू झाला १९०३ साली, कालका-शिमलाही १९०३ सालीच. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा गेलो होतो ते शिमल्याला, त्याच छोट्या गाडीनं. हे मला टेबलावरच्या नकाशाच्या दिवसांत कळलं होतं, पण ह्यांना सांगितलं नव्हतं. गाडी सुटल्यावर सांगितलं. हे बराच वेळ बाहेर बघत राहिले.

फिलिसूरच्या अलीकडे लांडवासरचा पूल येतो. ६५ मीटर उंच, १३६ मीटर लांब, सहा कमानी, आणि पूल संपतो तो सरळ कड्यातल्या बोगद्याच्या तोंडात. पूल वळणावर असल्यामुळे आपलीच गाडी पुढे कड्यात शिरताना खिडकीतून दिसते. मला मात्र त्याहून जास्त आवडला बेर्ग्युन ते प्रेदा हा टप्पा. दोन गावांच्या उंचीत सुमारे ४०० मीटरचा फरक आहे आणि सरळ गेलं तर तो चढ रुळांना झेपणारा नाही. मग अभियंत्यांनी मार्गच लांबवला. गाडी डोंगराच्या पोटात गोल वळते, पुलावरून दरी ओलांडते, पुन्हा पोटात शिरते. बेर्ग्युनचं चर्च एकदा या खिडकीत, एकदा त्या खिडकीत, दर वेळी आणखी खाली. हे कंपास काढून बसले होते आणि सुई फिरत होती.

प्रेदाच्या पुढे जवळजवळ सहा किलोमीटरचा बोगदा. जुन्याच्या शेजारी नवा खोदून २०२४ पासून गाड्या त्यातून जातात. आम्ही अंधारात शिरलो ते उत्तर समुद्राच्या पाण्यातून, उजेडात आलो ते काळ्या समुद्राच्या. बाहेर सुचीपर्णी लार्चची झाडं पिवळी व्हायला लागली होती.

सेंट मॉरिट्झला तळ्याकाठच्या स्थानकात गाडी बदलली आणि उजवीकडची खिडकी पकडली. इथून पुढचा मार्ग १९१० मध्ये पूर्ण झाला, आणि तो सुरुवातीपासूनच विजेवर. चढ ७ टक्क्यांपर्यंत, म्हणजे साधारण १:१४. दातेरी पट्टी नाही, बँकर नाही, नुसती चाकं आणि रूळ. ह्यांनी हा आकडा घरी किती वेळा वाचला असेल, तरी प्रत्यक्ष चढाला लागल्यावर खिडकीबाहेर डोकं काढून रुळांकडेच बघत होते.

मग उजवीकडे मोर्तेराच हिमनदी आली आणि डब्यातलं बोलणं थांबलं. मी वर्गात ज्या चित्रावरून हिमनदी शिकवली, त्यात बर्फ खोऱ्यात खूप खालपर्यंत होता. समोर होता तो बराच वर सरकलेला. खाली राहिला होता राखाडी दगडांचा पसारा. मला भरून आलं. चित्र बदलायला हवं, हे मी आता वर्गात नसताना कळत होतं.

माथ्याजवळ रुळाला लागून दोन तळी आहेत. धाकटं काळसर, त्याच्या नावाचा अर्थच काळं तळं. त्याला लागून मोठं लागो बियांको, म्हणजे पांढरं तळं, खरोखर दुधाळ. दोघांच्या मध्ये जलविभाजकाची पाटी आहे. काळ्या तळ्याचं पाणी काळ्या समुद्राला, पांढऱ्याचं एड्रियाटिकला. एकतीस वर्षं मी ज्या रेघेच्या दोन्ही बाजूंना बाण काढले, ती इथे चार पावलांची जमीन होती. २,२५३ मीटरवरच्या ओस्पिझियो बेर्निना स्थानकात उतरलो, मागे चालत गेलो, आणि मी एक पाय इकडे, एक तिकडे ठेवून उभी राहिले. वारा इतका गार होता की ह्यांना फोटो काढताना हातमोजा काढवेना. फोटो हललेला आहे. तोच फ्रेम केला आहे.

पुढच्या गाडीनं उतार लागला. ओस्पिझियो बेर्निनाहून तिरानोपर्यंत, चाळीस किलोमीटरच्या आत, गाडी १,८०० मीटरहून जास्त उतरते. आल्प ग्र्युमला समोर पाल्यु हिमनदी आणि पायाखाली सगळं पोस्कियावो खोरं. वळणं इतकी की गाव एकदा डाव्या हाताला, एकदा उजव्या. भाषा बदलते, छपरं बदलतात, हवेला गवताचा वास येतो.

पोस्कियावोला दोन रात्री ठेवल्या त्या वाटेत वर लागलेल्या कावाल्या या ठिकाणासाठी. दुसऱ्या दिवशी गाडीनं पुन्हा तिथवर चढून गेलो. तिथे हिमनदीखालच्या पाण्यानं दगड गरगर फिरवून खडकात कोरलेले रांजणखळगे आहेत. कुकडीकाठी निघोजला शाळेच्या सहली घेऊन मी कितीदा गेले. इथला खडक वेगळा, खोदणारं पाणी बर्फाचं, आकार मात्र तेच गुळगुळीत, आतून वळलेले. माझ्या त्या मुली आठवल्या, खळग्यात वाकून हाका मारणाऱ्या. मीही एका खळग्यात वाकून ह्यांना हाक मारली.

नवव्या दिवशी उतरताना डावीकडे पोस्कियावोचं तळं, मग ब्रुसियोचा गोल पूल, जिथे गाडी उंची उतरवण्यासाठी उघड्यावर पूर्ण वळसा घेऊन स्वतःच्याच कमानीखालून जाते. तिरानोला जेवलो ते पित्सोकेरी, कुट्टूच्या पिठाच्या जाड पट्ट्या, कोबी, बटाटा, चीज आणि लसूण परतलेलं लोणी. शाकाहारी माणसाला तिथे विचारत बसावं लागत नाही. इटलीतली गाडी साधी लोकल. तिचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, हे विसरू नका.

तिथून दीड तास अड्डा नदी खिडकीशी येत-जात राहिली. सफरचंदांच्या बागा, द्राक्षांचे पायऱ्यापायऱ्यांचे मळे, आणि कोलिकोला नदी तळ्यात शिरली.

वारेन्नात धक्क्यापासून जुन्या गावापर्यंत पाण्याला लागून एक अरुंद वाट आहे, तिचं नावच प्रेमिकांची वाट. संध्याकाळी तिथल्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं.

"अगं, हे पाणी आपल्या आधी निघालं असेल की मागून?" ह्यांनी विचारलं.

"आधी. पुष्कळ आधी," मी म्हटलं. "हे तळं ४०० मीटरहून जास्त खोल आहे, पाणी इथे वर्षानुवर्षं राहतं. आपण वर पाहिलेलं अजून वाटेत असेल."

"म्हणजे आपण पुढे आलो."

मी हिशेब करायला लागले, तेवढ्यात बेलाजोची बोट धक्क्याला लागली.