केंटकीचा हंगाम आणि माझी वही: मार्क पोप यांचं पहिलं वर्ष

नोव्हेंबरात उघडलेली दोनशे पानी वही एप्रिलच्या मध्यावर संपली. मागच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही आता बाण काढलेत. पहाटेचा गजर लावून अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल बघणारे आपल्यातले जे आहेत, त्यांच्यासाठी ही २०२४-२५ च्या हंगामाची नोंद.

मागचं थोडं सांगतो. मार्च २०२४ मध्ये एनसीएए स्पर्धेत (अमेरिकन कॉलेजांची राष्ट्रीय बाद स्पर्धा) ओकलंडने केंटकी विद्यापीठाच्या संघाला पहिल्याच फेरीत ८०-७६ असं घरी पाठवलं. ओकलंडच्या जॅक गोल्कीने एकट्याने दहा थ्री (रेषेबाहेरून मारलेली तीन गुणांची बास्केट) मारले होते. त्यानंतर पंधरा वर्षं कोच असलेले जॉन कॅलिपारी आर्कान्सोला गेले आणि संघ पांगला. त्यांच्या जागी मार्क पोप आले. हे १९९६ च्या विजेत्या केंटकी संघाचे कॅप्टन. मेडिकलचं शिक्षण अर्ध्यावर सोडून कोचिंगमध्ये शिरलेला माणूस. बीवाययूहून (ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) आले तेव्हा कोच म्हणून एनसीएए स्पर्धेत त्यांच्या नावावर एकही विजय नव्हता. तरीही त्यांच्या स्वागताला लेक्सिंग्टनचं रप अरीना, म्हणजे केंटकीचं घरचं मैदान, गच्च भरलं. सामना नाही, काही नाही, नुसतं कोचला बघायला! तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला आणि तिथेच ठरवलं, यंदाची वही केंटकीची.

पोपनी मोट बांधली ती बहुतेक दुसऱ्या कॉलेजांतून आलेल्या अनुभवी पोरांची. सॅन डिएगो स्टेटचा लमॉन्ट बटलर (२०२३ च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य सामन्यात, शेवटच्या क्षणी बास्केट करणारा तोच), ओक्लाहोमाचा ओटेगा ओवे, वेक फॉरेस्टचा अँड्र्यू कार, डेटनचा थ्रीबहाद्दर कोबी ब्रेया, पोपांबरोबर बीवाययूहून आलेला जॅक्सन रॉबिन्सन. आणि ड्रेक्सेलचा अमारी विल्यम्स.

दर हंगामात मी एकच गोष्ट मोजतो, नाहीतर वहीचा उकिरडा होतो. यंदा ठरवलं: विल्यम्सच्या हातात चेंडू कुठे येतो आणि पुढे कुठे जातो. हा इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचा डावखुरा सेंटर, म्हणजे संघातला उंच गडी. एवढ्या उंचीचा खेळाडू आपल्याकडे रिंगखाली उभा करतात. पोप त्याला थ्रीच्या रेषेच्या टोकाशी, मधोमध उभा करायचे आणि बाकीचे चौघे रेषेबाहेर पसरायचे. मग समोरच्या संघाच्या उंच गड्याला रिंग सोडून वर यावंच लागतं आणि रिंगखालची जागा मोकळी पडते. गार्ड (चेंडू पुढे आणणारा खेळाडू) चेंडू घ्यायला विल्यम्सकडे धावत येतो. त्याला धरणारा वाट अडवायला पुढे सरला, की गार्ड तिथूनच वळून रिंगकडे पळतो आणि विल्यम्स डाव्या हाताने जमिनीवर टप्पा देऊन पास सोडतो. लेअप, म्हणजे रिंगजवळून अलगद बास्केट. ओवेला हा पास मिळाला की मी निळा बाण काढतो, रेषेबाहेर चेंडू गेला की हिरवा.

शनिवारी संध्याकाळी आमच्या कॉलेजच्या मैदानावर जमणाऱ्या पोरांना मी हे करून दाखवलं. आमचा सर्वांत उंच गडी चेंडू हातात आला की सवयीने तोंड रिंगकडे करून थेट ड्रिबलच सुरू करायचा. थांबून बघणं हेच अवघड आहे, हे मला तिथे कळलं. विल्यम्स चेंडू घेऊन दोन-तीन सेकंद नुसता उभा असतो तेव्हा तो आळशी वाटतो. तसं अजिबात नाही, तो वाट बघत असतो.

१३ नोव्हेंबर, सकाळी: ड्यूकविरुद्ध हाफटाइमला पिछाडी, शेवटी ७७-७२ विजय. ड्यूकच्या कूपर फ्लॅगने २६ गुण केले, पण अखेरच्या क्षणांत चेंडू त्याच्याच हातून निसटला. ओवेने तो काढला. मोसमाला आठवडाच झाला होता आणि काही महिन्यांपूर्वी एकमेकांना न ओळखणारी पोरं एकमेकांच्या चुका झाकत होती.

८ डिसेंबर, रविवार: गोंझागा. माझ्या वहीतलं सगळ्यात खाडाखोडीचं पान. अठरा गुणांनी मागे पडल्यावर मी चहा ठेवायला उठलो होतो. ओव्हरटाइममध्ये ९०-८९! याच सामन्यात आपल्या, म्हणजे केंटकीच्या, कर क्रिसाचा पाय मोडला आणि त्याचा मोसम तिथेच संपला. बटलरचाही घोटा दुखावला. पुढच्या शनिवारी लुइव्हिलविरुद्ध तो खेळेल की नाही हीच शंका होती. तो खेळला, दहाच्या दहा शॉट आत, त्यांत सहाच्या सहा थ्री, एकूण ३३ गुण. केंटकी ९३-८५. त्या पानावर बटलरसमोर एकही फुली नाही. असं पान पुन्हा कधी भरायला मिळेल असं वाटत नाही.

जानेवारीत फ्लोरिडाला १०६-१०० हरवलं, पुढे तेच एनसीएए स्पर्धेचे विजेते ठरले. पण गुण इतके घेणाऱ्या संघाने दिलेही तेवढेच, हे मान्य करायला हवं. अलाबामाशी तीन सामने, तिन्ही हरलो, आणि तिसऱ्यात ९९-७०. बटलरचा खांदा, रॉबिन्सनचं मनगट, कारची पाठ. अधूनमधून निम्मा संघ बाकावर दिसायचा. रॉबिन्सनला शेवटी शस्त्रक्रियाच करावी लागली.

२ फेब्रुवारी, सकाळी: कॅलिपारी आर्कान्सो घेऊन रपमध्ये आले आणि ८९-७९ जिंकून गेले. याबद्दल मला जास्त लिहवत नाही.

ओवेबद्दल मात्र लिहायलाच हवं. ओक्लाहोमा हे त्याचं जुनं कॉलेज. त्यांच्याच मैदानावर केंटकीचे शेवटचे अठरा गुण या एकट्याने केले आणि ८३-८२ असा सामना काढला. दोन आठवड्यांनी कॉन्फरन्स स्पर्धेत (आपल्या गटातल्या कॉलेजांची स्पर्धा) पुन्हा तेच समोर, पुन्हा शेवटच्या क्षणी त्याचाच लेअप, ८५-८४. दोन्ही वेळा बाण निळा की हिरवा हे बघायचं मी विसरलो.

मार्चमध्ये एनसीएए स्पर्धेत ट्रॉयला ७६-५७ आणि इलिनॉयला ८४-७५ हरवून केंटकी शेवटच्या सोळांत पोचली. २०१९ नंतर पहिल्यांदा. इलिनॉयविरुद्ध ब्रेयाचे २३ गुण. आणि मग इंडियानापोलिसमध्ये टेनेसी. मोसमात त्यांना दोनदा हरवलं होतं, दोन्ही वेळा २४ पैकी १२ थ्री आत टाकून. तिसऱ्यांदा तेवढी मोकळीक मिळालीच नाही. झकाय झिग्लरने १८ गुण आणि १० असिस्ट (बास्केट करून देणारे पास) केले, ६५-७८ अशी हार. माझ्या पानावर निळे बाण विरळ आहेत. पहिल्या हाफमध्येच सामना हातचा गेला होता.

२४ विजय, १२ पराभव. त्यांतले आठ विजय एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीतल्या पहिल्या पंधरांतल्या संघांवर, आणि ही विक्रमाशी बरोबरी आहे. एकही जुना भरवशाचा गडी हाताशी नसताना पोपनी ही घडी बसवली, म्हणून माझ्या लेखी हे वर्ष मोठं आहे. शेवटचे सोळा हा शिक्का त्याला पुरत नाही.

एक काम राहिलंय. टेनेसीविरुद्धच्या दुसऱ्या सामन्यात (आपल्याकडे १२ फेब्रुवारीची पहाट) मधल्या सहा मिनिटांची माझी पानं कोरी आहेत, वीज गेली होती. बटलर नव्हता, तेव्हा विल्यम्सपर्यंत चेंडू कोण आणत होतं, तेवढं भरायचंय. कुणी नोंद केली असेल तर कळवा. रंग कोणतेही चालतील.