एकाच दिशेने तुटणारा दोरा

शिलाई मशीन दुरुस्तीला येते तेव्हा त्याच्यासोबत शिवण सहसा येत नाही. त्या दिवशी ती आली होती, आणि दोष सापडला तो तिच्यामुळेच. बाईंनी मशीन टेबलावर ठेवले, शेजारी अर्धवट टाके घातलेली गोधडी उलगडली आणि म्हणाल्या, "ताई, दोन ठिकाणी दाखवून झाले. दोघांनीही बिघाड नाही म्हणून परत दिले. पण क्विल्टिंगला, म्हणजे थर एकत्र शिवायला बसले की वरचा दोरा तुटतोच. मला वाटते, कापड माझ्याकडे ओढताना जास्त तुटतो." शेवटचे वाक्य त्यांनी संकोचून उच्चारले, कारण आधी दोन्ही वेळा त्यांना केवळ हाताचा वेग सांभाळायला सांगण्यात आले होते.

दोरा तुटतो म्हटले की बहुतेक कारागिरांचा हात आधी टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या बटणाकडे जातो, आणि या मशीनवरही तेच झालेले दिसत होते. वरचे टेन्शन इतके सैल केले होते की गोधडीच्या मागच्या बाजूला दोऱ्याची वेटोळी लोंबत होती. दोरा तुटायचा थांबला नव्हताच, शिवाय मागची बाजू बिघडली होती. तुटलेले टोक पाहिल्याशिवाय टेन्शनला हात लावणे मला मान्य नाही. टेन्शन जास्त असेल किंवा दोरा वाटेत कुठे अडकला असेल, तर तो एका झटक्यात तुटतो आणि टोक बऱ्यापैकी स्वच्छ असते. पण सुईच्या नेढ्यात, खाली फिरणाऱ्या हुकवर किंवा सुईखालच्या प्लेटच्या छिद्रात तो घासला जात असेल, तर आधी पीळ सुटतो, मग एकेक पदर तुटत जातो आणि टोक कापूस पिंजल्यासारखे दिसते. भिंगाखाली त्या गोधडीवरचे पाच-सहा धागे पाहिले. सगळेच्या सगळे पिंजलेले होते. दोरा ओढला जात नव्हता, घासला जात होता.

एवढ्याशा खरखरीत जागेने चांगला सुती दोरा कसा तुटेल, असे बाईंनी विचारले, आणि प्रश्न रास्त होता. मशीन एक टाका घालते तेव्हा हुक वरच्या दोऱ्याचा फास पकडून खालच्या दोऱ्याच्या बॉबिनभोवती फिरवतो. त्यासाठी काही सेंटीमीटर दोरा सुईच्या नेढ्यातून आणि प्लेटच्या छिद्रातून खाली उतरतो, पण प्रत्यक्ष टाक्यात खर्च होतात ते जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. उरलेला सगळा दोरा त्याच वाटेने परत वर ओढला जातो. म्हणजे दोऱ्याचा प्रत्येक बिंदू कापडात स्थिरावण्यापूर्वी त्याच छिद्रातून कित्येक वेळा खालीवर जाऊन आलेला असतो. वाटेत एखादे कुसळ असेल, तर ते त्याच जागी पुन्हा पुन्हा ओरखडते.

नेहमीची तपासणी मी भराभर उरकली. ९०/१४ क्रमांकाची नवी सुई लावली, कापड दाबून धरणारा प्रेसर फूट वर उचलून, म्हणजे टेन्शनच्या चकत्या मोकळ्या ठेवून, दोरा नव्याने ओवला, बॉबिनखालचा कापसाचा भुगा ब्रशने काढला, हुकच्या टोकावरून नख फिरवून पाहिले, आणि सुई तळाच्या बिंदूवरून वर निघताना हुकचे टोक नेढ्याच्या किंचित वर, सुईला जवळजवळ चाटून जाते आहे याची चाक हाताने फिरवून खात्री केली. मग वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि अस्तर असे तीन थर घेऊन सरळ शिवण घातली. दोरा एकदाही तुटला नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही नाही. खरे सांगायचे तर त्या क्षणी मीही मशीन परत देण्याच्या बेतात होते, आणि तसे केले असते तर त्यांना नाही म्हणणारी मी तिसरी ठरले असते.

मला थांबवले ते त्यांच्या वाक्याने. मी त्यांनाच मशीनवर बसवले. त्यांनी कापड सरकवणारे दाते खाली केले, कापड मोकळे फिरू देणारा डार्निंग फूट लावला आणि दोन्ही हातांनी कापड फिरवत फ्री-मोशनची मोठी वळणे शिवायला सुरुवात केली. हात सराईत होता. मशीनचा वेग आणि हाताचा वेग यांचा मेळ उत्तम होता. तिसऱ्या वळणावर दोरा तुटला.

मग मी त्यांना गोधडी पसरायला सांगितली. दोरा तुटल्यावर जिथे जिथे त्यांनी नवी सुरुवात केली होती, तिथे मागे बारीक गाठ होती, आणि अशा प्रत्येक गाठीपाशी मी एक टाचणी टोचली. सतरा टाचण्या झाल्या. गोधडी त्यांनी सुरुवातीपासून एकाच बाजूने धरून शिवली होती, त्यामुळे कोणता टाका घालताना कापड कुठे सरकत होते हे वळणावरून सरळ वाचता येत होते. सतराही टाचण्या कापड त्यांच्या अंगाकडे येतानाच्या रेषेवर होत्या. एकही टाचणी दूर जाणाऱ्या रेषेवर नव्हती, आडव्या रेषेवरही नव्हती. इतके स्वच्छ उत्तर समोर असताना दोन आठवडे त्यांच्या हाताला दोष दिला गेला, याचे मला फार वाईट वाटले.

तरीही एक शंका फेडायची होती. कापड ओढले की सुई वाकते, आणि वाकलेल्या सुईजवळून जाताना हुकही दोरा ओरबाडू शकतो. म्हणून १००/१६ ची, म्हणजे ०.९ ऐवजी १ मिलिमीटर जाडीची, कमी वाकणारी सुई लावली. तुटणे थोडे कमी झाले, पण थांबले नाही, आणि दिशा तीच राहिली. आता प्लेट काढली. सरळ टाक्यासाठी असलेली, एकच लहान गोल छिद्र असलेली ती प्लेट होती. छिद्राच्या काठावरून कापसाचा बोळा फिरवला. मागच्या काठावरून तो अलगद गेला. पुढच्या, म्हणजे शिवणारीच्या बाजूच्या काठावर मात्र तंतू अडकले. भिंगातून पाहिले तर तिथे धातू दबून छिद्राच्या आत वळला होता.

"या आधी कधी सुई मोडली होती का?" मी विचारले. मोडली होती. महिन्यापूर्वी, चार शिवणी एकत्र येणाऱ्या जाड जागी कापड जोरात ओढले गेले आणि सुई प्लेटवर आदळून तुटली. पण त्यानंतर कितीतरी दिवस त्या तुकडे जोडण्याच्या सरळ शिवणीच घालत होत्या आणि काहीच झाले नाही, म्हणून दोन्हींचा संबंध त्यांच्या लक्षात आला नव्हता. संबंध असा होता: सरळ शिवताना कापड नेहमी मागे जाते, त्यामुळे दोरा छिद्राच्या मागच्या काठाला टेकतो. पुढच्या काठाला त्याचा स्पर्श होतो तो केवळ कापड उलट, आपल्याकडे ओढताना. सरळ शिवणीच्या चाचणीत हा दोष कधीच दिसला नसता.

अतिबारीक पॉलिश पेपरची सुरळी करून तो काठ घासला, आणि शेवटी जाड सुती दोऱ्याला पॉलिशची पेस्ट लावून तो छिद्रातून मागेपुढे ओढत राहिले. या कामात घाई चालत नाही. छिद्र मोठे झाले तर सुईबरोबर कापडच आत ढकलले जाते आणि टाके चुकतात. कापसाचा एकही तंतू अडकेनासा झाल्यावर प्लेट बसवली, ९०/१४ ची सुई परत लावली आणि टेन्शन थोडे थोडे वाढवत त्या जागी आणले, जिथे दोन्ही दोऱ्यांची गुंफण कापसाच्या थरात लपते.

बाई शिवायला बसल्या. पहिली बॉबिन संपली, दुसरी निम्म्यावर आली. मग दोरा तुटला आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो. मी भिंगाकडे हात नेला, तोवर त्यांनी टोक उजेडात धरलेही होते. "ताई, हा पिंजलेला नाही," त्या म्हणाल्या आणि उठून रिळाकडे गेल्या. रिळाच्या काठावर दोऱ्याचे टोक खोचायची खाच असते, तिच्यात दोरा अडकला होता. त्यांनी रीळ उलटे लावले, खाच खालच्या बाजूला गेली, आणि वळण जिथे थांबले होते तिथूनच कापड आपल्याकडे ओढत त्यांनी शिवण पुढे सुरू केली.