डिकीतल्या दोन मोटरी

जुलैतला पाऊस होता. कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या आमच्या गाळ्यासमोर १९९९ सालची एक सेडान येऊन थांबली. ड्रायव्हरच्या बाजूला काचेच्या जागी दुधाच्या पिशव्या कापून चिकटपट्टीनं लावलेल्या. आतून गारगोटीचे एक निवृत्त सर उतरले. डावी बाही कोरडी, उजवी चिंब.

"मिस्त्री, काच खाली जाते, वर यायला तयारच नाही. दोनदा मोटर बदलली की हो!"

काच खाली जाताना तिचं वजनच मोटरला हात देतं. वर चढवताना मोटरची खरी परीक्षा. पण दोन मोटरी बदलूनही तीच रड, म्हणजे दुखणं दुसरीकडं असणार.

दाराचं पॅड काढलं. पॅडच्या मागं प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो, तो कुणीतरी फाडून टाकलेला. दारात पाणी शिरतंच आणि खालच्या भोकांतून निघून जातं. कागद नसला की तेच पाणी पॅड भिजवून पायाशी येतं. काच ज्या रबरी खाचेत सरकते त्या चॅनलमध्ये इंजिन ऑइल ओतून ठेवलेलं. त्यात धूळ बसून काळी पेंड झालेली आणि रबर फुगलेलं. तिथं सिलिकॉन स्प्रे लागतो, पण हाताशी तेल असलं की लोक सगळीकडं तेलच घालतात.

मोटरचं सॉकेट सोडून मीटर लावला. १२.४ व्होल्ट. आधीचे मिस्त्री इथंच फसले असणार: करंट तर येतोय, मग मोटरच गेली. मी सॉकेट परत बसवलं, पोराला बटण दाबायला सांगितलं आणि काच चढत असताना मागच्या बाजूनं मीटर लावला. ७.८. साडेचारच्या वर व्होल्ट वाटेतच गळत होते.

दार आणि बॉडीच्या मध्ये वायरिंगवर एक रबरी नळी असते. ती मागं सरकवून एकेक वायर बोटांनी दाबत गेलो. एक वायर मधेच मऊ लागली. आवरण चिरलं तर आत हिरवी भुकटी, आणि पंचवीसेक तारांतल्या चार शिल्लक, त्याही काळ्या पडलेल्या. पंचवीस वर्षं दार उघडझाप करून वायर तिथंच मोडत आलेली. मीटरला चार तारा पुरतात, ओली काच उचलणाऱ्या मोटरला पुरत नाहीत. बटण उघडलं तर त्याचेही पॉइंट जळालेले. या गाडीत मोटरचा सगळा करंट त्या एवढ्याशा बटणातून जातो.

नुसती वायर जोडून भागलं असतं, पण वर्षभरात सर परत आले असते. म्हणून रिले घालायचं ठरवलं, म्हणजे थोड्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच. एका मोटरला पाच पिनांचे दोन, एक वर नेण्यासाठी, एक खाली. ८७ नंबरच्या पिनवर बॅटरीची जाड वायर २० अँपिअरच्या फ्यूजमधून, ३० नंबरवरून मोटर, आणि जुन्या बटणाकडं फक्त रिलेची कॉइल ओढायचं काम. दारात पाणी येतं, म्हणून रिले आत, पायाजवळच्या पॅनेलमागं.

काच वर-खाली करणारा सांगाडा, म्हणजे रेग्युलेटर, कात्रीसारखा उघडमीट होणारा होता. त्याची मोटर सोडण्याआधी मी दातेरी पट्टी बोल्टनं जखडतोच. शिकाऊ असताना स्प्रिंगनं ती पट्टी फिरवून माझा अंगठा फाडला होता, त्याची खूण अजून आहे. जुनं ग्रीस खरवडून नवं लावलं.

सगळं जोडून बटण दाबलं. रिले 'टक' वाजला, काच ढिम्म. सर माझ्याकडं बघतायत, मी फ्यूजकडं. मागून पोरगं हळूच म्हणालं, "दादा, ८७ए चं अर्थिंग?" दोन्ही रिलेंच्या ८७ए पिना बॉडीला जोडायच्याच राहिल्या होत्या! मोटरच्या एका टोकाला प्लस मिळाला, पण दुसरं लोंबकळतच होतं. सरांपुढं तोंड लपवायला जागा नव्हती.

अर्थिंग दिलं आणि काच पाच सेकंदांत वर. आधी सोळा लागत होते, तेही हातानं ढकलून. मोटरवर आता ११.७ व्होल्ट.

सरांनी डिकी उघडली. काढून टाकलेल्या दोन्ही मोटरी वर्तमानपत्रात गुंडाळून जपून ठेवलेल्या. "एवढ्या बघा की." मी थेट बॅटरीवर लावल्या. पहिली फिरली. दुसरीही फिरली.

सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग दोन्ही मोटरी पुन्हा त्याच कागदात गुंडाळल्या, डिकीत ठेवल्या आणि विचारलं, "मागची डावी काचपण हळू चालते. कधी आणू?"