रेष आत की बाहेर: विष्णुपुरीतली एक सकाळ

लातूरहून नांदेडला जाणाऱ्या पहाटेच्या एसटीत बसलो, तेव्हा खिशात सुट्या पैशांबरोबर शिट्टीही होती. गावोगावच्या कबड्डी सामन्यांत बावीस वर्षे पंच म्हणून उभा राहिलेल्या माणसाला शिट्टी घरी ठेवून मैदानाकडे जाणे जमत नाही. भाचीने मात्र फोनवर बजावले होते, "मामा, आमच्या खेळात पंच नसतो. तुम्ही नुसते बघायला या."

खेळ होता अल्टिमेट फ्रिस्बी. भाची छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात शिकते आणि तिथली मुलेमुली नांदेडच्या विद्यापीठातल्या मुलामुलींशी मैत्रीचा सामना खेळण्यासाठी आदल्या रात्रीच रेल्वेने येऊन थांबली होती. या दोन विद्यापीठांचे नाते सख्ख्या भावांचे आहे. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी, म्हणजे मुक्तिसंग्राम दिनीच, त्यातून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. माझी पदवी वाटणीच्या आधीची, माझा लातूर जिल्हा वाटणीनंतर धाकट्याकडे गेलेला आणि भाची थोरल्याच्या घरात. तेव्हा टाळ्या कोणासाठी वाजवायच्या, हा प्रश्न अहमदपूर येईपर्यंत सुटला नव्हता.

माळेगावच्या खंडोबाची यात्रा पांगून काही दिवस झाले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चालू होती, हरभरा घाट्यावर आला होता आणि ज्वारीच्या एका फडाकडेला हुरड्याची आगटी धुमसत होती. विद्यापीठ नांदेड शहराच्या अलीकडे, विष्णुपुरीत, याच लातूर रस्त्यावर आहे, त्यामुळे शहरात न शिरता वाटेतच उतरून मी मैदान गाठले.

काळ्या मातीवर मुरूम पसरून दाबलेले ते मैदान होते आणि त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा नुकत्याच ओढलेल्या होत्या. लांबी १०० मीटर, रुंदी ३७ मीटर आणि दोन्ही टोकांना अठरा-अठरा मीटरचे गोलक्षेत्र, म्हणजे गुण मिळवायची जागा. आमची १३ बाय १० मीटरची अठ्ठावीस कबड्डी मैदाने क्षेत्रफळाने त्यात मावतील, असा हिशेब मी उभ्याउभ्या केला. प्रत्येक बाजूला सात खेळाडू, मुलेमुली एकत्र. १७५ ग्रॅमची तबकडी हातात आली की खेळाडूने धावायचे नाही, एक पाय रोवून दहा आकडे मोजून व्हायच्या आत ती साथीदाराकडे फेकायची. समोरच्या गोलक्षेत्रात साथीदाराने ती झेलली की एक गुण. ती जमिनीवर पडली, अडवली गेली किंवा बाहेर गेली, की ताबा दुसऱ्या संघाकडे. पंधरा गुण आधी करील तो जिंकला.

सामन्यापूर्वी भाचीने मला आणखी एक माहिती पुरवली. महाविद्यालयांमधला या खेळाचा पहिला सामना अमेरिकेत ६ नोव्हेंबर १९७२ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला आणि रटगर्सने तो २९–२७ असा जिंकला. १९७२ म्हटले की आमच्या पिढीला दुष्काळाशिवाय दुसरे काही आठवत नाही. खडी फोडण्याची कामे आणि रेशनवरची तांबडी मिलो ज्वारी यांच्या त्या वर्षी जगात कुठेतरी मुले तबकडी फेकत होती, हे ऐकून मला उगीचच थोडा राग आला.

साडेनऊच्या सुमारास पूर्वेकडून वारा सुटला आणि सामन्याचे सगळे गणित त्याने ताब्यात घेतले. वाऱ्याच्या तोंडावर फेकलेली तबकडी वर उचलली जाते आणि जागीच तरंगत राहते. वाऱ्याबरोबर फेकलेली अचानक खाली दबते. प्रत्येक गुणानंतर संघांच्या दिशा बदलतात आणि गुण घेणारा संघ तबकडी फेकून डाव सुरू करतो, त्यामुळे वाऱ्याच्या बाजूने खेळणारा गुण घ्यायचा आणि पुढच्या डावात तोच वाऱ्याविरुद्ध अडकायचा. नांदेडने वाऱ्याविरुद्ध दोन गुण काढले आणि मध्यंतराला ८–६ अशी आघाडी घेतली. संभाजीनगरनेही नंतर तसेच दोन काढून बरोबरी साधली.

मध्यंतरानंतर नांदेडच्या एका मुलाचा खांदा भाचीच्या संघातल्या मुलीला लागला आणि तबकडी पडली. तिने "फाउल" म्हटले आणि सगळे चौदा जण जागच्या जागी थांबले. माझा हात आपोआप खिशाकडे गेला.

"धक्का लागला ना रे?"

"लागला, पण मी आधीच हवेत होतो. तू नंतर आत आलीस."

"मला तसे वाटत नाही."

"बरे, मग परत फेका."

एकमत होत नसेल, तर तबकडी फेकणाऱ्याकडे परत जाते आणि खेळ तिथूनच सुरू होतो. वाद अर्ध्या मिनिटात मिटला. माझ्या कारकिर्दीत दोन पंच, सरपंच (म्हणजे मुख्य पंच) आणि गुणलेखकाचे टेबल एवढा सरंजाम असतानाही असले वाद दहा मिनिटांच्या आत मिटल्याचे मला आठवत नाही, आणि एकदा तर गावकऱ्यांनी मला शेजारच्या शाळेच्या मागच्या दाराने बाहेर काढले होते.

१४–१४ झाले. शेवटच्या गुणासाठी भाचीच्या संघाला वाऱ्याची दिशा मिळाली होती. चार छोट्या फेकींनंतर त्यांच्या एका मुलाने डाव्या बाजूने लांब फेक केली. मी ज्या बाजूला उभा होतो तिकडेच ती तबकडी दबत आली. भाची तिरकी धावत आली, गुडघ्याच्या उंचीवर तिने ती दोन्ही हातांनी पकडली आणि माझ्यापासून चार हातांवर तिचा उजवा पाय टेकला. फक्कीचा फुफाटा उडाला.

"रेष आत! गुण!" मी ओरडलो. कबड्डीत रेषा मैदानाचाच भाग असते आणि पाय रेषेच्या पलीकडच्या मातीला लागलेला नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकलो असतो.

भाचीने बूट उचलून तळव्याची कड पाहिली. तिला पांढरी फक्की लागली होती. जमिनीवर रेषेचा एक तुकडा पुसला गेला होता आणि त्यात बुटाचा अर्धा ठसा उमटला होता. तिच्यावर पहारा देणारी मुलगी दोन पावले मागे होती, तिला हे दिसण्याची शक्यताच नव्हती. भाचीने तबकडी खाली ठेवली, "आउट" म्हटले आणि माझ्याकडे न बघताच हळू आवाजात म्हणाली, "मामा, आमच्याकडे रेष बाहेर असते."

नांदेडला आता वाऱ्याविरुद्ध पूर्ण चौसष्ट मीटर जायचे होते. त्यांनी घाई केली नाही. मागे, आडवे, पुन्हा मागे, कधी पाच पावलांवर, अशा एकोणीस फेकी मी मोजल्या. दोनदा मोजणी आठपर्यंत गेली आणि एकदा तबकडी आमच्या मुलाच्या बोटांना चाटून निसटली. (एव्हाना तो संघ माझ्यासाठी "आमचा" झाला होता.) विसावी फेक वाऱ्याने वर उचलली, ती गोलक्षेत्रावर नको तितका वेळ तरंगत राहिली आणि तिच्याखाली जमलेल्या चौघांतून त्यांच्या सगळ्यात उंच मुलाने ती काढून घेतली. १५–१४.

त्यानंतर दोन्ही संघ एकाआड एक असे गळ्यात हात घालून वर्तुळात उभे राहिले आणि मग प्रत्येक संघाने समोरच्याच्या वागणुकीला गुण दिले. पाच बाबी असतात, प्रत्येकीला शून्य ते चार गुण. जेवताना भाकरी आणि ठेचा पुढे आला, तेव्हा मी भाचीला विचारले, "नियमांच्या बाबीत तुम्हाला किती दिले त्यांनी?"

"दोन."

"फक्त दोन? एवढा गुण स्वतः सोडलास तरी?"

"दोन म्हणजे नेहमीसारखे, मामा," ती म्हणाली आणि ठेच्यावर तेल मागण्यासाठी मागे वळली.