फोटोतला तीन इंचांचा झुकाव

दक्षिण कॅलिफोर्नियातील ज्या गॅरेजमध्ये मी हॉट रॉडच्या, म्हणजे वेगासाठी फेरफार केलेल्या जुन्या गाड्यांच्या, चासीचे काम करतो, तेथे येणाऱ्या गिऱ्हाइकांचे इंजिनापेक्षाही गाडीच्या बसकीकडे, म्हणजे स्टान्सकडे, अधिक लक्ष असते. पुढचे नाक किती खाली आणि मागची बाजू किती वर, या फरकाला रेक म्हणतात.

1932 सालच्या फोर्ड रोडस्टरचे एक काम अजून मनातून जात नाही. मालकाने वडिलांच्या गाडीचा 1940च्या दशकाअखेरचा, मोहावे वाळवंटातील एल मिराजच्या कोरड्या सरोवरावर काढलेला फोटो मोठा करून आणला होता. त्यावर मोजमापे घेऊन त्याने तीन इंचांचा रेक ठरवला होता आणि त्यात तडजोड नको होती. मागे 28 इंच व्यासाच्या टायरऐवजी 31 इंची टायर बसवल्याने दीड इंच मिळाला आणि उरलेल्या दीड इंचासाठी मी आडव्या पाट्यांच्या स्प्रिंगवर, क्रॉसमेंबरखाली, म्हणजे चासीच्या आडव्या दांड्याखाली, एक प्लेट घातली. गाडी रस्त्यापलीकडून उकिडवे बसून पाहिली तेव्हा देखणी दिसली, हे मी नाकारणार नाही.

चाचणीला मालक शेजारी बसला होता. ताशी 45 मैलांवर पूल सुरू होतो तेथील सांध्यावर पुढची चाके आपटली आणि स्टिअरिंग हातात थडथडू लागले. वेग अगदी उतरेपर्यंत ते थांबले नाही. पुढचे चाक ज्या खिळीभोवती वळते ती किंगपिन आणि तिचे बुश मी स्वतःच नवे घातले होते, त्यामुळे दोष त्यांच्यावर ढकलण्याची सोयही नव्हती.

दोष साध्या त्रिकोणमितीत होता. या गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधले अंतर 106 इंच आहे, म्हणून मागची बाजू तीन इंच उचलली की चासी, पुढच्या अ‍ॅक्सलला चासीशी धरून ठेवणारे विशबोनचे दांडे आणि पुढचा अ‍ॅक्सल एकत्रच सुमारे 1.6 अंश पुढे कलतात आणि तेवढाच कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. तो कमी पडला की पुढची चाके सरळ राहण्याऐवजी थडथडू लागतात. आधीच्या गॅरेजने खाली वाकवलेला अ‍ॅक्सल बसवताना हा हिशेब मुळीच केला नव्हता, त्यामुळे गाडी माझ्याकडे आली तेव्हाच कॅस्टर जेमतेम साडेचार अंश होता. माझ्या हाताने तो तिनाच्याही खाली गेला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात बसलेल्या माणसाने ही बेरीज-वजाबाकी आधी करायला हवी होती. आमच्याकडे पॉलिशला चार दिवस मिळतात आणि कोन मोजायला अर्धा तास, ही सबब खरी असली तरी ती सबबच आहे.

त्या संध्याकाळी मी दोन महिने भिंतीवर असलेला फोटो खाली काढला. दाराखालून जाणारी चासीची कड मालकाने कागदाच्या खालच्या कडेशी ताडून पाहिली होती. मी स्टीलची पट्टी दोन्ही टायर जमिनीला टेकतात त्या बिंदूंवर ठेवली आणि जमीनच कागदाच्या कडेला तिरपी निघाली. कॅमेरा किंचित कलला होता. चाकांच्या केंद्रांमधले अंतर फोटोत 212 मिलिमीटर होते, म्हणजे दोन मिलिमीटरला एक इंच. तेवढ्या अंतरात जमीन तीन मिलिमीटर उतरत होती. तीन इंचांपैकी दीड इंच फोटो काढणाऱ्याच्या हाताचा होता.

दुसऱ्या दिवशी मालकाने पट्टी स्वतः ठेवून पाहिली, बराच वेळ काही बोलला नाही आणि मग प्लेट काढायला सांगितले. टायर मात्र तेच ठेवायचे होते. मी विशबोनची मागची टोके पाउणेदोन इंच खाली आणली आणि कॅस्टर साडेसहा अंशांवर बसवला. नवे ब्रॅकेट रिमच्या खालच्या रेषेच्या वरच राहतील, हे दोनदा तपासले. हवा जाऊन टायर बसला तर रस्त्याला फक्त रिम टेकली पाहिजे, ब्रॅकेट नव्हे. त्याच पुलावरून पुन्हा गेलो तेव्हा स्टिअरिंग शांत होते.

गाडी नेताना त्याने काढलेली प्लेट मागितली. मी ती पुसून दिली आणि त्याने ती फोटोबरोबर कापडात गुंडाळून सीटवर ठेवली.