तुम्ही विचारलंत म्हणून : वस्त्रसंग्रहालय काढायचं तर आधी कोठार

‘गावातला जुना वाडा मिळतोय, लोक आजीच्या नऊवाऱ्या, शालू, अंगरखे द्यायला तयार आहेत. पारंपरिक वस्त्रांचं संग्रहालय काढायचं तर सुरुवात कुठून करू?’ हा प्रश्न वारंवार येतो. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काचेची कपाटं आणि दिवे असतात. सुरुवात मात्र वाड्यातल्या बिनखिडकीच्या खोलीतून करा. आधी कोठार, मग दालन.

कारण उजेड. पावसाळा सरला की घरी पैठणीला ऊन दाखवतात. संग्रहालयात ते कधीही करायचं नाही. वस्त्रावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. रोज 8 तास, वर्षाला 300 दिवस धरले तर 1,20,000 लक्स-तास होतात. भर दुपारचं ऊन साधारण 1 लाख लक्सचं, म्हणजे अंगणातल्या सव्वा तासात दालनातलं एक वर्ष खर्ची पडतं; अतिनील किरणं वेगळीच. उडालेला रंग परत येत नाही. हळदीत रंगवलेलं कापड तर फार लवकर फिकं पडतं. अहमदाबादच्या कॅलिको वस्त्रसंग्रहालयात (स्थापना 1949) दालनं अंधुक का असतात, ते यावरून कळेल.

म्हणून वस्त्रं आलटून पालटून मांडायची. चार महिने बाहेर आणि तीन वर्षं अंधारात असा पालट ठेवला, तर 20 वस्त्रांच्या दालनामागे 200 वस्त्रांचं कोठार लागतं. जागेचा आणि पैशांचा हिशेब या आकड्यापासून मांडा.

साडी घडी घालून ठेवू नका. जुनं रेशीम घडीवरच चिरतं, जरही तिथेच तुटते. ती नळीवर गुंडाळायची. नळी निदान साडेसात सेंटिमीटर जाड आणि साडीच्या पन्ह्यापेक्षा दोन्ही बाजूंनी थोडी लांब हवी. स्वस्त म्हणून पीव्हीसीचा पाइप आणतात, ही नेहमीची चूक. त्यातून निघणारी आम्लं कापड खातात. पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यावर पॉलिएस्टरची फिल्म, मग आम्लरहित कागद. साडीच्या प्रत्येक वेढ्यातही तोच कागद. वरून मांजरपाटाचं वेष्टण, पण नुसत्या पाण्यात उकळून खळ पूर्ण काढलेलं, कारण खळीवर कसर येते. सव्वाआठ मीटरच्या नऊवारीची गुंडाळी सुमारे 10 सेंटिमीटर जाड होते. ती फळीवर टेकवू नका. नळीतून दांडा घालून टांगा, म्हणजे कापडावर भार येत नाही.

खरी जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. गंधकाने ती काळवंडते आणि गंधक लोकरीतूनही सुटतो, रबरातूनही. तेव्हा घोंगड्या पैठणीच्या कपाटात नकोत. काळी पडलेली जर घासून उजळायची नाही, मुलामाच निघून जातो. डांबराच्या गोळ्याही नकोत. घोंगडीला कीड दिसली तर ती प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे 20 अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर 24 तास पिशवी उघडू नका, नाहीतर दव लोकरीवर धरतं. कपाट प्लायवुडचं नको, पक्क्या रंगाचं लोखंडी बरं. बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून वीतभर उंच. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी आलीच. खोलीतली आर्द्रता एक अख्खा पावसाळा रोज नोंदवा आणि मगच यंत्रं विकत घ्या.

वस्त्र आलं की धुवायला टाकू नका, ही तर हात जोडून विनंती आहे. पदरावरचा हळदीचा डाग त्या साडीच्या लग्नाचा पुरावा असतो. कुणी नेसली, कधी, कुठल्या गावात, कशी नेसली, हे देणाऱ्याकडून त्याच दिवशी लिहून घ्या. दानपत्रावर सहीही तेव्हाच घ्या. क्रमांक सुती फितीवर लिहून दोन सैल टाक्यांनी शिवा. टाचणी गंजते, स्टेपलही.

पुतळ्यांचं शेवटी बघा, पण शिंप्याचा एका खांबावरचा पुतळा घेऊ नका. त्याला पाय नसतात, मग काष्टा घालणार कुठून? दोन वेगळे पाय असलेला, अंगाने बारीक पुतळा घ्या आणि कमरेला सुती कापडाखाली भर द्या. भर नसेल तर गाठ घसरते, लोक पिना लावतात आणि शंभर वर्षं टिकलेल्या काठाला भोकं पडतात.