गिटार यायला किती दिवस लागतात?

मे महिन्यातल्या दुपारी सोलापूरच्या रस्त्यावर दोनच प्रकारची माणसे दिसतात. एक, ज्यांना बाहेर पडल्यावाचून गत्यंतर नसते आणि दुसरी, ज्यांच्या गिटारीची तार तुटलेली असते. पारा ४३ अंशांवर असताना डोक्याला पांढरा पंचा गुंडाळून मी नवी पेठेतल्या वाद्यांच्या दुकानात सर्वांत बारीक तार मागायला उभा होतो. माझ्यापुढे एक बाई दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या होत्या. मुलगा भिंतीवर टांगलेल्या गिटारींकडे पाहत होता आणि बाई त्या गिटारींना दोऱ्याने बांधलेल्या किमतींकडे. घासाघीस झाल्यावर त्यांनी विचारले, "आणि यायला किती दिवस लागतात हो?" दुकानदाराने खणात माझी तार शोधता शोधता, मान वर न करता सांगितले, "तीन महिने."

मी गिटार गेल्या पाडव्याच्या आदल्या पाडव्याला घेतली. त्याला आता चौदा महिने होत आले. मी काही बोललो नाही. तार घेतली, सुटे पैसे मोजले आणि घरी आलो.

दुकानदार खोटे बोलला असेही म्हणवत नाही. तीन महिन्यांत काहीतरी येतेच. ई मायनर हा सूरमेळ, म्हणजे अनेक तारांचा एकत्र सूर, तर मला पहिल्याच दुपारी आला होता. त्याला दोन बोटे पुरतात, मानेवरच्या दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीपाशी, पाचव्या आणि चौथ्या तारेवर, आणि सहाही तारा मोकळेपणाने छेडता येतात. त्या दिवशी मी तो सूर इतक्या वेळा वाजवला की शेवटी आतल्या खोलीतून दार लावून घेतल्याचा आवाज आला. पुढे ए मायनर, सी, जी असे एकेक सूरमेळ हाताला लागत गेले. मात्र सी धरता येणे आणि जीवरून सीवर वेळेत पोहोचता येणे या दोन गोष्टींमध्ये माझा अख्खा श्रावण गेला. हात जीवरून उठे, हवेत क्षणभर घुटमळे, डोळे मानेवरच्या पडद्यांकडे जात, एकेक बोट आपापली जागा शोधी आणि तोवर गाणे पुढे निघून गेलेले असे. आमच्या घरामागे अजूनही चार यंत्रमाग चालतात. शिकवणारे सर मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारे यंत्र, लावून सराव करायला सांगतात, पण मला त्याची कधी गरज पडली नाही. मागाचा खटक-खटक ठेका कोणासाठीही थांबत नाही. थांबलाच तर धागा तुटल्यावर थांबतो, आणि धागा जोडला की पुन्हा जिथल्या तिथे सुरू होतो. गाठ मारायला विणकराला किती वेळ लागतो, हे मी खिडकीतून अनेकदा पाहिले आहे. तेवढ्या वेळात मला जीवरून सीवर जाता येत नाही.

बोटांचा प्रश्न निराळाच आहे. पोलादी तारा असलेल्या गिटारीवर पहिले दोन-तीन आठवडे डाव्या हाताच्या बोटांची टोके ठणकतात, मग त्यांवर घट्टे धरू लागतात आणि महिन्याभरात दुखणे बरेचसे सरते. हे सर्वांनाच सांगतात. जे कोणी सांगत नाही ते असे, की ओल्या बोटांनी गिटारीला हात लावू नये, कारण पाण्यात भिजलेला घट्टा मऊ पडतो आणि तार थेट आत रुतते. आमच्या भागात तीन-चार दिवसांआड नळाला पाणी येते, पुष्कळदा रात्री-अपरात्री येते, आणि आले की पिंप, हंडे, बादल्या, शेवटी तांबेसुद्धा भरून होईपर्यंत हात पाण्यातच असतात. त्यामुळे महिन्यातले सात-आठ दिवस माझा सराव बुडतो. तीन महिन्यांचा हिशेब ज्याने केला, त्याच्या घरी चोवीस तास पाणी असणार.

तरीही हे सगळे निभावते. घोडे अडते ते एफवर. एफमध्ये तर्जनी पहिल्या पडद्याला टेकवून सहाही तारांवर आडवी निजवायची आणि उरलेल्या तीन बोटांनी पुढच्या दोन घरांमध्ये तीन तारा दाबायच्या. माझ्या तर्जनीला मध्ये दोन सांधे आहेत आणि त्यांतल्या एकाखालची पोकळी नेमकी दुसऱ्या तारेवर येते, त्यामुळे तिथून सुराऐवजी फट्ट असा आवाज निघतो. गंमत अशी, की हीच मांडणी जशीच्या तशी सरकवून पाचव्या पडद्यावर नेली तर ती ए मेजर होते आणि माझ्यासारख्यालासुद्धा बऱ्यापैकी वाजवता येते. ६५ सेंटिमीटर लांबीच्या तारेवर पहिला पडदा साडेतीन सेंटिमीटरहून थोडा पुढे असतो आणि पुढचे पडदे क्रमाने जवळ जवळ येत बारावा अगदी अर्ध्यावर पडतो. म्हणजे सर्वांत रुंद घर पहिले. शिवाय तार जिथे खोबणीवर टेकलेली असते, तिथेच ती दाबायला सर्वांत हटवादी. नवशिक्याचा पहिला आडवा सूर नेमका तिथेच यावा, ही योजना कोणाची असेल ती असो, पण त्या माणसाला विद्यार्थ्यांविषयी ममता नव्हती.

ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारेवरून पोलादी कांडी सरकवत राग वाजवले. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा संतूर आणि बासरीशेजारी गिटार बसवलेली ऐकून लोक थक्क झाले असतील. मी मात्र ती ऐकताना दरवेळी एवढाच विचार करतो, की या पद्धतीत एफ धरावाच लागत नाही. उलट जॅझ गिटारवादक जांगो राइनहार्टचे उदाहरण आमच्या सरांना फार आवडते. १९२८ साली लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी निकामी झाली आणि त्याने उरलेल्या बोटांनिशी वादन नव्याने बसवले. सरांनी हे मला तीनदा सांगितले आहे, तिन्ही वेळा माझा एफ फट्ट वाजल्यानंतर. दहाही बोटे शाबूत असलेल्या माणसाला या गोष्टीने धीर येतो, असे त्यांना का वाटते ते मला कळत नाही.

एखादी गोष्ट हाताला येते म्हणजे नेमके काय होते, हे मी पहिल्यांदा पाहिले ते अक्कांच्या ओसरीवर. आम्ही अशोक चौकाजवळ राहत असू आणि भिंतीपलीकडे अक्का विड्या वळीत. त्या घरात तेलुगू बोलत, आमच्याशी मराठी आणि भाजीवाल्याशी कानडी. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने. पत्र्याच्या मापाने पान कापायचे, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचे, तोंड मुडपायचे आणि दोरा गुंडाळून टाकायचा. हे सगळे चालू असताना अक्का एकदाही हातांकडे पाहत नसत. त्या माझ्याकडे पाहत, मला शाळेतले विचारीत, रस्त्याने जाणाऱ्या बाईला हाक मारीत, आणि खाली सुपात विड्या आपोआप पडत राहत. मी हट्ट धरल्यावर त्यांनी मला एक पान दिले. मी ते फाडले. दुसरे दिले, तेही फाडले. तिसऱ्याची वळलेली विडी दोन्ही टोकांनी सुटली आणि तंबाखू माझ्या चड्डीवर सांडली. कारखान्यात पाने मोजून मिळतात आणि विड्या मोजून द्याव्या लागतात, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. अक्का हसल्या आणि पाने मात्र त्यांनी माझ्यापासून दूर सरकवली. "अक्का, तुम्हाला यायला किती दिवस लागले?" असे मी विचारले होते. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिले. आईने बसवले, म्हणाल्या. तेव्हा दुधाचे दात पडत होते. आले कधी, ते काही त्यांना सांगता आले नाही.

परवा बारीक तार बसवून, कान पिळून, सूर जुळवून मी पुन्हा एफ धरला. सहांपैकी पाच तारा बोलल्या. पुन्हा धरला तेव्हा चार. त्या मुलाने गिटार घेतली की नाही, कोण जाणे. घेतली असेल तर ऑगस्टपर्यंत त्याला येईलही. लहान मुलांचे हात ऐकतात, आणि नळाचे पाणी भरायला त्यांना कोणी फारसे उठवत नाही.

गेल्या आठवड्यात रेशनच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे अक्का होत्या. आता त्यांना कमरेतून वाकूनच चालावे लागते. दुकानदाराने यंत्र पुढे केले आणि त्यांनी अंगठा ठेवला. यंत्राने नाकारला. "अक्का, पुसून लावा," असे तो म्हणाला. त्यांनी पदराला बोट पुसले आणि तर्जनी लावली, मग मधले बोट, मग दुसऱ्या हाताचा अंगठा. टोके इतकी गुळगुळीत झाली होती की दिव्याखाली चकाकत होती. यंत्र प्रत्येक वेळी लाल होत होते, आणि दुकानदार न चिडता पुढचे बोट मागत होता. सातव्या की आठव्या बोटाला केव्हातरी हिरवा दिवा लागला आणि अक्कांनी पिशवी उघडली.

मग माझा नंबर आला. मी उजवा अंगठा ठेवला आणि तो पहिल्याच खेपेला लागला. माझे घट्टे डाव्या हाताला आहेत.